शुक्रवारची विझलेली चूल



नाशिकरोडला माझ्या माहेरच्या वाड्यात आठ बिऱ्हाडं होती. त्यात दोन घरं अशी होती की दिवस मावळताना तिथली चूल थंड व्हायची. एक आमचं. आमच्याकडे रात्रीभोजन नाही, त्यामुळे सूर्य असेपर्यंत जेवणं, भांडी, सगळं आटोपलेलं. दुसरं घर होतं समोरच्या काकूंचं. त्यांची चूल आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी संध्याकाळी विझायची, आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्यावर पुन्हा पेटायची. काका रेल्वेत होते. काकू नऊवारी नेसायच्या, आमच्यासारखंच मराठी बोलायच्या, माहेर अलिबागकडचं. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, "काकू, तुम्ही पण जैन का?" त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "नाही गं बाई, आम्ही बेने इस्राएल."

त्यांच्याकडे मासळी शिजायची, म्हणून आई त्यांच्या घरचं पाणीही घेत नसे. पण काकूंना त्याचा राग नव्हता. त्यांच्याही घरात दूध-दुभत्याची भांडी वेगळी, मासळीतही हे चालतं, ते चालत नाही असं होतंच. आईची भांड्यांवरची करडी नजर त्या वाड्यात कोणाला खऱ्या अर्थानं कळत असेल, तर ती काकूंनाच.

त्या घराचं कोडं मला फार उशिरा, साठी उलटल्यावर उलगडलं. आमच्या भिशीत एकदा विषय निघाला की आपल्यासारखे खाण्यापिण्याचे नियम जगात दुसऱ्या कोणाचे आहेत का. मला काकू आठवल्या. मग वाचत सुटले.

काकूंचे नियम जिथून आले ते पुस्तक म्हणजे यहुद्यांच्या तोराह या पाच ग्रंथांतलं तिसरं. मराठी बायबलात त्याचं नाव 'लेवीय'. मी बी.कॉम. झालेली बाई, मला ते रोजकीर्दीसारखं वाटलं. कोणत्या अर्पणाला किती पीठ, किती तेल, वेदीवर काय जाळायचं, याजकाच्या वाट्याला काय ठेवायचं, ऐपत नसेल तर कोकराऐवजी दोन पारवे, तेही जमत नसेल तर नुसतं पीठ. कोणताही कारकून खूश होईल असा हिशेब. याजक म्हणजे जेरूसलेमच्या मंदिरातले पुजारी, त्यांच्या भाषेत कोहेन. हे पद वंशपरंपरेनं, बापाकडून मुलाकडे. आपल्या दक्षिणेकडच्या बस्तीतल्या उपाध्ये घराण्यांसारखंच म्हणा ना.

अभ्यासक म्हणतात की त्या पाच ग्रंथांत निरनिराळ्या हातांची लिखाणं एकत्र विणलेली आहेत, आणि त्यातला मोठा भाग याजकांच्या परंपरेतून आला. 1878 साली वेलहाउझेन या जर्मन पंडितानं हे फार जोरात मांडलं. हे लिखाण नेमकं कधीचं यावर अजून वाद आहेत, पण त्याची बरीच जुळणी बाबिलोनच्या हद्दपारीच्या काळात आणि त्यानंतर झाली, असं पुष्कळ जण मानतात. इसवी सनापूर्वी 586 मध्ये बाबिलोनच्या राजानं जेरूसलेमचं मंदिर पाडलं आणि लोकांना धरून नेलं. वेदी गेली, भांडी गेली. तोंडी चालत आलेलं उद्या कोणाला आठवेल का, ही धास्ती. मला लगेच आपली श्रुतपंचमी आठवली. गिरनारच्या गुहेत वृद्ध धरसेनाचार्यांनाही हीच धास्ती होती. म्हणून तर त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून शिकवलं आणि षट्खंडागम लिहिला गेला. माणसाला जेव्हा वाटतं आता आपण विसरणार, तेव्हाच तो लिहायला बसतो.

अर्थात त्यात जुनंही पुष्कळ आहे. 1979 मध्ये जेरूसलेमजवळच्या एका थडग्यात चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या, ताईतात घालतात तशा. उलगडल्यावर त्यावर याजकांच्या आशीर्वादाचे शब्द निघाले. त्या साधारण 2600 वर्षांपूर्वीच्या आहेत.

आता तुमच्यातल्या काही जणी नाक मुरडत असतील. वेदी, कोकरं, रक्त! मलाही पहिल्यांदा वाचताना पुस्तक मिटावंसं वाटलं. आपल्याकडे यशोधराच्या कथेत पिठाचा कोंबडा मारला तरी किती जन्म भोगावे लागले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथे तर खरीच जनावरं. या बाबतीत मी काही गोड बोलणार नाही. पण त्याच याजकांनी सृष्टीच्या उत्पत्तीची जी कथा लिहिली, त्या ग्रंथाच्या अगदी पहिल्या अध्यायात, तिथे देव माणसाला अन्न म्हणून काय देतो? धान्य आणि फळं. जनावरांनाही हिरवा पाला. मांसाची परवानगी पुढे, जलप्रलयानंतर मिळते, आणि तीही अटीवर: रक्त खायचं नाही, कारण जीव रक्तात असतो. जेकब मिलग्रोम या यहुदी पंडितानं आयुष्यभर लेवीयावर तीन जाडजूड खंड लिहिले. त्याचं म्हणणं, ही सगळी बंधनं माणसाच्या मनात जिवाबद्दल आदर राहावा म्हणून आहेत. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं की मुळात हे असं नसायला हवं होतं. ठाऊक असून थांबले नाहीत, हा आपला आणि त्यांचा फरक.

बाकी पुस्तकात घरातली बाई रमेल असं खूप आहे. मातीच्या मडक्यात पाल किंवा उंदीर मरून पडला तर मडकं फोडून टाका. लाकडाचं भांडं, कापड पाण्यात घाला, संध्याकाळनंतर ते चालेल. पितळेचं भांडं घासून धुवा. कोरडं बी असेल तर बाटत नाही, भिजवलेलं असेल तर बाटतं. हे वाचताना मला माझी फलटणची आजीच बोलतेय असं वाटलं. अर्पणाच्या पिठात खमीर नको, मधही नको, मीठ मात्र हवंच. मधाचं आपल्याकडचं कारण वेगळं, पण 'मध नको' वाचून बरं वाटलं खरं.

इसवी सन 70 मध्ये रोमन लोकांनी दुसरं मंदिरही पाडलं. तेव्हापासून वेदी नाही, बळी नाही, याजकाला काम नाही. जगभरच्या यहुद्यांनी मग पुस्तक धरलं, आणि ते शिकवणारे रब्बी पुढे आले.

काकूंच्या पूर्वजांकडे मात्र पुस्तकही नव्हतं. त्यांची परंपरा सांगते की दोन हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याहून आधी, एक गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं. सात बायका आणि सात पुरुष वाचले. बाकीच्यांना नवगावातच पुरलं; ती जागा आजही दाखवतात. ग्रंथ समुद्रात गेले. ही माणसं कोकणातल्या गावांत पांगली, तेलाचा घाणा चालवू लागली, गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर झाली. हिब्रू विसरली. एक शेमा नावाची छोटी प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. आणि त्यांच्यात कोहेन घराणंही नव्हतं. म्हणजे याजकांचा धर्म, पण याजक नाही, मंदिर नाही, याजकांचं पुस्तकही नाही.

मग उरलं काय? शनिवारी घाणा बंद, बैलाला सुटी, म्हणून गावानं नाव ठेवलं 'शनवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे दुसरे होते, ते सोमवार तेली. मुलाची आठव्या दिवशी सुंता. आणि खवले व पर असलेलीच मासळी.

या मासळीची एक गोष्ट त्यांच्यात सांगतात. डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी प्रवासी कोकणात आला. त्याला शंका आली की हे आपलेच लोक असावेत. परीक्षा कशी घ्यावी? त्यानं पुरुषांना मंत्र विचारले नाहीत. त्यानं बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी खवले-पर नसलेली मासळी निवडून बाजूला टाकली. "ही आम्ही खात नाही." झालं, ओळख पटली. राहाबी कधी आला यावर एकमत नाही. केहिमकर त्याला हजारेक वर्षांमागे नेतात, काही जण म्हणतात तो अठराव्या शतकातला कोचीनचा व्यापारी. काळ कोणताही असो, माझं लक्ष त्या परीक्षेवर अडकलं. लेवीयाचा अकरावा अध्याय जगात कुठे कुठे चर्मपत्रावर लिहून ठेवला होता. कोकणात तो बायकांच्या हातात होता, निवडण्या-टिपण्यात, आणि हे पुस्तकातलं आहे हे त्यांना माहीतही नव्हतं.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवला. त्यात जुन्या सणांची नावं दिली आहेत, अगदी मराठमोळी. खिरीचा सण. अनशी ढाकायचा सण: हा वल्हांडणाचा, म्हणजे पेसाहचा. मूळ नियम असा की घरातलं सगळं खमीर सात दिवस दूर करायचं. कोकणात भात-भाकरीच्या घरात पावाचं खमीर कुठून येणार? तर आंबट पाण्याचं मडकं होतं, ते झाकून ठेवायचं. कशासाठी ते विसरलं, झाकणं नाही विसरलं.

आणि दारफाळणीचा सण. हा त्यांचा वर्षातला सर्वात मोठा दिवस, योम किप्पूर. लेवीयाच्या सोळाव्या अध्यायात तो दिवस म्हणजे मुख्य याजकाचा दिवस आहे. तो तागाची पांढरी वस्त्रं घालतो, मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात वर्षातून एकदाच जातो, लोकांची पापं एका बोकडावर घालून त्याला रानात सोडून देतो. लोकांनी काय करायचं? उपवास आणि काम बंद. आता कोकणात गाभारा नाही, मुख्य याजक नाही. तर या लोकांनी पांढरे कपडे घातले, घराचं दार लावून घेतलं, आणि दिवसभर उपाशी आत बसले. दुसऱ्या दिवशी शिळा सण: एकमेकांकडे जायचं, गरिबांना द्यायचं. क्षमावाणीच्या दिवशी आपण घरोघर जाऊन 'उत्तम क्षमा' म्हणतो त्याची आठवण झाली की नाही? यहुद्यांच्या जुन्या शिकवणीतही आहे की माणसानं माणसाचा केलेला अपराध त्या उपवासानं फिटत नाही, त्या माणसाची समजूत काढावी लागते.

पुढे कोचीनहून शिक्षक आले. 1796 मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. 1832 मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. धर्मांतर व्हावं ही त्याची इच्छा, पण झालं उलटंच, मंडळी आपल्या ग्रंथांकडे परत गेली. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. 1874 साली पुण्यात वल्हांडणाची पोथी चित्रांसह छापली, त्यात साडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. ते चित्र पाहिलं तेव्हा काकूच डोळ्यांपुढे आल्या.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते. आपल्यातल्या बऱ्याच जणींना विटाळ, सोयर-सुतक हे शब्द नकोसे झालेत. मलाही. लेवीयाच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीचे दिवस दिले आहेत. मुलगा झाला तर एकूण 40 दिवस, मुलगी झाली तर 80. वाचून माझा पहिला संताप हाच, की मुलीला दुप्पट का? याचं समाधान होईल असं उत्तर मला कुठे मिळालं नाही. माझी लेक झाली तेव्हा 45 दिवस मंदिराची पायरी चढले नव्हते. त्या दिवसांत मनात कुठेतरी असं बसलं होतं की माझ्या हातून काही चुकलंय.

पण ते पुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिथे अशुद्धी म्हणजे पाप नाही. मढ्याला हात लावणारा अशुद्ध होतो, पण प्रेताची क्रिया करणं हे तर पुण्यकर्म. पुरुषाच्या शरीरधर्मालाही तोच नियम आहे, बाईलाच नाही. शुद्धीसाठी लागणारी राख जो याजक तयार करतो, तो स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध असतो! आणि जवळजवळ प्रत्येक नियमाच्या शेवटी ठरलेली मुदत आहे. आंघोळ करावी, कपडे धुवावेत, संध्याकाळपर्यंत थांबावं. मग संपलं. हिशेब मिटला, नवं पान.

न संपणारी अशुद्धी माणसांनी नंतर काढली. बेने इस्राएलांत गोरा आणि काळा अशा दोन शाखा होत्या. ज्यांच्या वंशात बाहेरची बाई आली असं मानलं गेलं, ते काळा. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगत नाही. कातडीच्या रंगाशी याचा संबंध नव्हता, दोघंही शनिवार पाळणारे, दोघंही तीच मासळी निवडणारे. काकू हे सांगताना आवाज खाली आणायच्या. त्या कोणत्या बाजूच्या होत्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आईनं कधी विचारलं नाही.

मग हीच गोष्ट त्या सगळ्यांवर उलटली. मंडळी इस्राएलला जाऊ लागली होती. 1962 मध्ये तिथल्या प्रमुख रब्बींच्या कार्यालयानं फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न बाहेरच्या यहुद्यांशी लावायचं तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा. म्हणजे ज्यांच्या बायकांनी पुस्तकाशिवाय नियम राखले, त्यांच्याच आया-आज्यांवर शंका. दोन वर्षं निदर्शनं झाली, धरणं धरली. 1964 मध्ये तिथल्या संसदेनं जाहीर केलं की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, आणि मग ते फर्मान बदललं. काकूंच्या भावाचं लग्न त्याच काळात तिथे अडलं होतं. वाड्यात पत्र आलं की काकू ते ओट्यावर बसून आईला वाचून दाखवायच्या.

आई ऐकायची आणि गप्प राहायची. ती गप्प का राहायची हे मला मोठेपणी कळलं. आमचा समाज हुमड. विसा हुमड आणि दसा हुमड यांच्यात तेव्हा सोयरीक होत नसे. माझ्या धाकट्या मावशीचं फलटणला ठरत आलेलं लग्न एवढ्यावरूनच मोडलं. मुलगा शिकलेला, घर रोज अभिषेकाला जाणारं, कांदा-लसूण नाही, रात्री पाणीसुद्धा नाही. पण दसा. कोणत्या आगमात लिहिलंय हे, असं आजोबांना विचारायची कोणाची छाती नव्हती. मावशीचं पुढे दुसरीकडे झालं, पण ती फलटणला फारशी आली नाही. आज आपल्यात असं कोणी विचारत नाही म्हणतात. स्थळांच्या वहीत मात्र तो रकाना मी परवाही पाहिला.

काकूंच्या घरी मनासारखं काही झालं की मलिदा व्हायचा. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. शेजारी ऊद जळत असायचा. मंदिरातल्या धान्याच्या अर्पणाचीच ही आठवण असं केहिमकरांना वाटे. वेदीवरचं सगळं गळून गेलं, पीठ-धूप तेवढं राहिलं, तेही कोकणातल्या पोह्यांच्या रूपात. त्यात आपल्याला न चालणारं काही नाही. तरी काकूंनी पाठवलेली वाटी आई मोलकरणीच्या हातावर द्यायची. मी जिन्याखाली जाऊन तिच्याकडून दोन घास मागून घ्यायची. काकूंना हे माहीत होतं. नंतर नंतर त्या वाटी थोडी मोठी पाठवायला लागल्या.

मी दहावीत असताना ती मंडळी इस्राएलला गेली. जाताना काकूंनी आईला एक पितळी परात दिली. दारात उभं राहूनच म्हणाल्या, "यात मासळी कधी गेली नाही हो वहिनी. ही मलिद्याचीच होती. राखेनं तीनदा घासलीय." आईनं ती घेतली, डोळे पुसले. पण स्वयंपाकाला कधी वापरली नाही. त्यात ती रिठे भिजत घालायची.

आई गेल्यावर माळा आवरताना ती परात मी घेऊन आले. बरीच वर्षं माझ्याकडेही ती माळ्यावरच होती. गेल्या वर्षी भद्रकालीत नेऊन कल्हई करून घेतली. आता तिच्यात मी पोहे कालवते.